हुकूमशाहीतलं घर रंगमंचावर कसं उभं करायचं? (अर्जेंटिना, दीर्घांक, मदत हवी)

विंगेतून

मंडळी, जरा अडलोय. सांगलीत आमचा बारा जणांचा ग्रुप आहे, सगळे नोकरी-कॉलेज सांभाळून रात्री आठ ते साडेदहा तालीम करणारे. यंदा तासाभराचा दीर्घांक बसवतोय, संहिता आमचीच. विषय अर्जेंटिना. २४ मार्च १९७६ ला तिथे लष्कराने सत्ता घेतली आणि १९८३ पर्यंत सोडली नाही. त्या काळात माणसं घरातून, कारखान्यातून, कॉलेजातून उचलली गेली आणि परत आलीच नाहीत. लोकशाही आल्यावर नेमलेल्या आयोगाने ८,९६१ जणांची नोंद केली, तिथल्या मानवी हक्क संघटना ३० हजार म्हणतात.

आमच्या नाटकात एक घर आहे. आई, बाप, दोन मुलगे, एक मुलगी. पहिल्या दहा मिनिटांत धाकट्याला उचलतात. नाटक मागे राहिलेल्या चौघांचं आहे.

पहिल्या खर्ड्यात मध्यभागी छळाचा प्रवेश होता. लाल लाईट, खुर्चीला बांधलेला धाकटा, किंकाळ्या. वाचनाला सगळे सुन्न झाले होते पण उभा केला आणि खोटा वाटायला लागला. काम करणारा पोरगा जीव तोडून ओरडत होता, प्रवेश संपला आणि समोर बसलेल्यांतला एक जण म्हणाला "भारी झालं रे, आवाज काय लावलास". मला तिथेच कसंतरी झालं. ज्यांच्यावर हे खरंच गुदरलं त्यांच्या वेदनेवर आपण शाबासकी मिळवतोय असं वाटलं. प्रवेश काढून टाकला. आता तिथे मोठं भगदाड आहे आणि प्रयोगाला पाच आठवडे राहिलेत.

तर, भीती कशी दाखवायची? नुसती घाबरलेली माणसं दाखवली की दहा मिनिटांत कंटाळा येतो, हेही बघून झालंय.

तिसरी_घंटा

प्रवेश काढलात हे बरं केलंत. तुमचा विषय अर्जेंटिनाच आहे तर तिथल्याच नाटकवाल्यांनी काय केलं ते बघा ना.

१९८१. लष्कर सत्तेवर आहेच. पाव्हलोव्स्कीसारख्या नाटककाराला मधे देश सोडून जावं लागलेलं. नाट्यशिक्षणाच्या सरकारी संस्थेतून समकालीन अर्जेंटिनी नाटक हा विषयच काढून टाकलेला. तेव्हा ओस्वाल्दो द्रागुन वगैरे मंडळींनी ठरवलं की आपण आहोत हे दाखवून द्यायचं. एकवीस लेखकांच्या एकवीस एकांकिका, एकवीस दिग्दर्शक, रोज तीन, पुढच्या आठवड्यात पुन्हा पहिल्यापासून. नाव 'तेआत्रो आबिएर्तो', म्हणजे खुलं थिएटर. ब्युनोस आयर्सच्या पिकादेरो थिएटरात २८ जुलैला सुरू झालं, तिकीट स्वस्त, वेळ संध्याकाळी लवकरची. पहिल्या दिवसापासून गर्दी. आणि ६ ऑगस्टच्या पहाटे थिएटर पेटवून दिलं. आगीचे बॉम्ब टाकून.

पुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. शहरातले थिएटरमालक, अगदी धंदेवाईक नाटकं लावणारेसुद्धा, आमचं थिएटर घ्या म्हणून पुढे आले. मग ताबारीस नावाच्या थिएटरात उरलेले प्रयोग झाले. ते विनोदी प्रवेश आणि नाचगाण्याचं थिएटर, पिकादेरोपेक्षा मोठं. सुमारे २५ हजार लोकांनी ती नाटकं बघितली असं सांगतात.

त्यात ग्रिसेल्दा गाम्बारो ह्या नाटककार बाईंची एक छोटी एकांकिका होती, दोनच पात्रं. एक माणूस केस कापायला न्हाव्याकडे जातो. न्हावी घुम्या, बोलतच नाही. गिऱ्हाईक त्याची मर्जी राखायला आधी पडलेले केस झाडतो, मग सामान पुसतो, आणि शेवटी न्हावीच खुर्चीत आणि गिऱ्हाईक त्याची दाढी करतंय, वर गाणंही म्हणतंय. प्रत्येक वेळी "हो हो, करतो की". अखेर न्हावी त्याला खुर्चीत बसवतो आणि गळ्यावरून वस्तरा फिरवतो. लष्कर नाही, गणवेश नाही, घोषणा नाही. प्रेक्षक म्हणून मला त्या वस्तऱ्यापेक्षा झाडू उचलतानाची भीती जास्त वाटते, कारण झाडू मीही उचलला असता.

शेवटची_रांग

+१. गणवेश आला की प्रेक्षक निवांत होतो, व्हिलन कळला ना त्याला.

कुडाळकर

विषय चांगला आहे, पण एक विचारू का? अर्जेंटिनाच कशाला? आपल्याकडे आणीबाणी झालेली आहे, २५ जून १९७५ ते मार्च १९७७. तुरुंगात गेलेली माणसं अजून आपल्या गल्लीत भेटतात. ते सोडून सातासमुद्रापार जायचं म्हणजे मला सुरक्षित अंतर राखल्यासारखं वाटतं. स्पष्ट बोलतोय, राग नसावा.

विंगेतून

राग कसला कुडाळकर, हाच प्रश्न ग्रुपमध्ये दोन रात्री चालला होता. आम्ही अर्जेंटिना आडपडदा म्हणून घेतलेला नाही. हे आपल्याबद्दल आहे असा डोळाही मारायचा नाही. मला त्या आयांची गोष्ट सांगायची आहे. ३० एप्रिल १९७७ ला चौदा बायका राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यासमोरच्या चौकात, प्लासा दे मायोत, जमल्या, आमची मुलं कुठे आहेत एवढंच विचारायला. जमावबंदीमुळे पोलिसांनी सांगितलं की घोळक्याने उभं राहायचं नाही, चालत राहा. मग त्या दोघीदोघी हात धरून चालायला लागल्या आणि चालतच राहिल्या, वर्षानुवर्षं, दर गुरुवारी. नाटकवाल्या माणसाने हे वाचल्यावर झोप कशी लागावी? ब्लॉकिंग, म्हणजे कुणी कुठे कसं हलायचं ते, पोलिसांनी दिलं आणि बायकांनी त्याचंच शस्त्र केलं.

हे त्यांचंच आहे. ते उचलून मुंबई-पुण्यात आणून ठेवायचा मला हक्क नाही.

कुडाळकर

हे पटलं. चालण्याचं मला माहीत नव्हतं. आणीबाणीवर कुणीतरी वेगळं लिहावं हे मात्र माझं म्हणणं कायम.

खडू_फळा

तुम्हा दोघांच्या मधलं एक सांगते. खाडिलकरांचं 'कीचकवध' १९०७ ला रंगमंचावर आलं. गोष्ट महाभारतातली, पण समोर बसलेल्या प्रत्येकाला कीचक म्हणजे व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन हे कळत होतं, सरकारलाही कळलं आणि १९१० ला बंदी आली. तेव्हा मराठी प्रेक्षकाला न बोललेलं ऐकायची सवय जुनी आहे. त्याच्यावर भरवसा ठेवा, सगळं फोड करून सांगू नका.

आणि आणीबाणीची एक घरातली आठवण. माझे आजोबा तालुक्याच्या गावी शाळामास्तर. रात्री रेडिओवर बीबीसी लावायच्या आधी ते खिडकी लावायचे. बीबीसी ऐकणं हा काही गुन्हा नव्हता, त्यांना कुणी काही म्हटलंही नव्हतं. तरी खिडकी लावायची, मग आवाज बारीक, मग कान रेडिओला. आई सांगते की आणीबाणी उठल्यावरही कितीतरी महिने ते खिडकी लावूनच बातम्या ऐकायचे, एकदा आजी भर मे महिन्यात म्हणाली अहो उघडा आता, घाम फुटलाय, तेव्हा कुठे उघडली. तुमच्या नाटकातल्या बापाला अशी एखादी खिडकी द्या.

विंगेतून

खडू_फळा, ही खिडकी मी मनात ठेवतोय. थँक्यू.

नेपथ्यवाला

आवाजाचं बघा. १९७८ चा फुटबॉल वर्ल्ड कप अर्जेंटिनातच झाला, ह्याच राजवटीत. २५ जूनला फायनल, नेदरलँड्सला ३-१ ने हरवलं. ज्या स्टेडियमवर झाली तिथून नौदलाची एस्मा ही शाळा एखाद किलोमीटरवर, आणि ह्याच शाळेत माणसं डांबलेली होती. गोल झाल्यावरचा गलका आत कोंडलेल्यांना ऐकू येत होता, सुटून आलेल्यांनी साक्षीत सांगितलंय.

तुमच्या घरात त्या रात्री रेडिओवर मॅच लागलेली. गोल होतो. अख्खी गल्ली ओरडते. थोरला मुलगा उभा राहतो, तोंड उघडतो, आईकडे बघतो आणि बसतो. बस्स एवढंच. लाईट बदलू नका, म्युझिक नको. बाहेरचा गलका मात्र खरा हवा, चार स्पीकर प्रेक्षकांच्या मागे लावा म्हणजे ओरडणारी गल्ली त्यांच्या पाठीशी येईल.

अबोली

नेपथ्यवाला, अंगावर काटा आला.

मला भाषेचं सांगायचंय. स्पॅनिशमध्ये ह्या माणसांना 'देसापारेसिदो' म्हणतात, त्याचं मराठी सगळीकडे 'बेपत्ता' केलेलं दिसतं. ते नका वापरू. बेपत्ता म्हणजे हरवलेला, जत्रेत हरवतो तसा, त्यात कुणाचाच हात नसतो. तिथे लोक "त्याला दिसेनासा केला" अशा अर्थाने ते क्रियापद वापरायला लागले, म्हणजे करणारा कुणीतरी आहे. आपल्याकडे सरळ शब्द आहे, नाहीसा करणं. "तुमचा मुलगा नाहीसा झाला" असं शेजारीण म्हणते आणि आई तिला दुरुस्त करते, "नाहीसा केला". एकदाच, आवाज न चढवता.

तिसरी_घंटा

हे वाक्य नाटकात यायलाच पाहिजे.

उलटा_स्पॉट

मी जरा वेगळं बोलतो. तुम्ही सगळे चांगलं घरगुती वास्तववादी नाटक सुचवताय. पण धागा प्रायोगिक नाटकाचा आहे ना? प्रेक्षकाला खुर्चीत आरामात बसवून हुकूमशाही कळणार कशी? खुर्च्या काढा. दारात ओळखपत्रं जमा करून घ्या, जोडीने आलेल्यांना वेगळं करा, दहा मिनिटं डोळ्यांवर पट्ट्या बांधा, कानाशी नाव पुकारा. गाम्बारोनेच सत्तरच्या दशकात एक नाटक लिहिलंय ज्यात प्रेक्षकांना घरातल्या खोल्या-खोल्यांतून वाटाड्या फिरवतो. दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये आपल्याकडे नाटकाच्या ठरलेल्या चौकटींची केवढी मोडतोड झाली होती, आणि आपण परत दिवाणखान्यात?

मोगरा

उलटा_स्पॉट, पट्ट्या नको. कळकळीने सांगतेय कारण आम्ही केलंय हे.

कॉलेज संपल्यावर एका शिबिरात आम्ही असाच प्रयोग बसवला होता. पट्ट्या बांधून प्रेक्षकांना ओळीने आत न्यायचं, कुणीतरी खांद्यावर हात ठेवायचा, कुणीतरी कानात "चल" म्हणायचं. आम्ही विशीतले, आम्हाला वाटत होतं काय जबरदस्त करतोय. तिसऱ्या प्रयोगाला पन्नाशीच्या एक बाई होत्या, खांद्यावर हात पडल्याबरोबर त्या जमिनीवर बसल्या आणि थरथरायला लागल्या. पट्टी काढली तरी थांबेना. त्यांच्यावर पूर्वी काय झालं होतं ते त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेले, तर त्याच मला म्हणाल्या, "सॉरी हं, तुमचं नाटक बिघडलं." बारा वर्षं झाली, ते सॉरी माझ्या कानातून जात नाही.

अशा राजवटीत माणसाला विचारलं जात नाही. मग आपणही न विचारता त्याच्या अंगाला हात लावायचा हे कसं चालेल?

उलटा_स्पॉट

मोगरा, ह्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पट्टीचा मुद्दा मागे घेतो. प्रेक्षकाला जागं ठेवायचं कसं हा प्रश्न मात्र माझ्यासाठी उरतोच.

प्रॉम्प्टर

जागं ठेवायचं म्हणजे घाबरवायचं असं थोडीच आहे. ब्राझीलचा नाट्यदिग्दर्शक ऑगुस्तो बोआल बघा, १९७१ मध्ये तिथल्या लष्करी राजवटीने त्याला पकडून छळलं, सुटल्यावर तो अर्जेंटिनात आला. तिथे उघड नाटक करणं धोक्याचं म्हणून त्याने अदृश्य नाटक केलं, हॉटेलात जाऊन जेवायचं आणि पैसे नाहीत म्हणून वाद उकरायचा, आजूबाजूच्यांना कळतच नाही की हे नाटक आहे, ते आपसूक भांडायला लागतात. त्यात कुणाच्या अंगाला हात नाही.

कुडाळकर

आमच्याकडे हॉटेलात पैसे नाहीत म्हटलं तर मालक म्हणेल उद्या दे, पण आधी सोलकढी पी. नाटक तिथेच संपलं.

शेवटची_रांग

कुडाळकर, प्रयोग कधी ठेवताय? मी येतो 😄

खडू_फळा

पात्रांची नावं काय आहेत? मराठी नटाच्या तोंडी कार्लोस, मारिया आलं की मला एकदम डब केलेला सिनेमा आठवतो.

विंगेतून

नावं नाहीत. आई, बाबा, थोरला, ताई. फक्त धाकट्याला नाव आहे, पाब्लो. ते नाव घरात कमी कमी घेतलं जातं आणि शेवटी फक्त आई घेते.

दक्षिण_गोलार्ध

बरेच दिवसांनी लॉगिन केलं आणि हा धागा दिसला. मी कंपनीच्या कामानिमित्त तीन वर्षं ब्युनोस आयर्सला होते. प्लासा दे मायोच्या मधोमध एक मनोरा आहे, त्याच्याभोवती जमिनीवर पांढरे रुमाल रंगवलेले आहेत, आयांच्या डोक्यावरच्या रुमालांची खूण म्हणून. पहिले रुमाल म्हणजे बाळांचे कापडी लंगोट होते. गुरुवारी दुपारी साडेतीनला मी दोनदा गेले. वयाने वाकलेल्या बायका, काहींना धरून चालवत होते. मी काहीच बोलले नाही, मागे चालले फक्त.

ह्या आयांना एकत्र आणणारी असुसेना व्हियाफ्लोर, तिलाही डिसेंबर १९७७ मध्ये उचललं. माझा भाऊ नेलाय म्हणून आयांच्यात येऊन बसणारा एक देखणा तरुण नौदलाचा अधिकारी निघाला. २००५ मध्ये तिचे अवशेष ओळखले गेले. तुमच्या घरात एक गोड बोलणारा पाहुणा येत असेल तर विचार करा.

पण मी लिहायला बसले ते वेगळ्याच गोष्टीसाठी. तिथे घरोघरी माते पितात. कडसर चहाच म्हणा, एका छोट्या भोपळ्यात पाला भरतात, धातूची नळी खोचतात. कप वेगळे नसतात. एकच भोपळा, एकच नळी. ओतणारा एकच असतो, तो पहिला स्वतः पितो, मग गरम पाणी घालून शेजारच्याला देतो, तो नळीतून घुर्र आवाज येईपर्यंत पिऊन परत ओतणाऱ्याकडे देतो, मग पुढच्याचा नंबर. क्रम ठरलेला. आणि परत देताना 'ग्रासियास', म्हणजे आभारी, म्हटलं तर त्याचा अर्थ मला आता पुरे, पुढच्या फेरीत धरू नका. मी पहिल्या दिवशी शिष्टाचार म्हणून ग्रासियास म्हणाले आणि मला पुन्हा मिळालाच नाही! शेजारच्या आजींनी मग समजावलं.

पाच जणांच्या घरातली फेरी आणि चार जणांच्या घरातली फेरी. बघा काही होतंय का.

अबोली

अरे देवा.

नेपथ्यवाला

झालं, भगदाड भरलं. विंगेतून, कुठे आहात?

विंगेतून

इथेच आहे, तीन वेळा वाचलं. दक्षिण_गोलार्ध, तुमचे आभार मानायचीही आता भीती वाटते, पुढची फेरी मिळणार नाही! पाला कुठून आणू? आणि तो भोपळा?

कुडाळकर

सांगलीत राहून भोपळा विचारता? मिरजेला जा, तंबोरे करणाऱ्यांकडे.

विंगेतून

(नऊ दिवसांनी)

खरंच मिरजेला गेलो. तंबोऱ्याचे भोपळे पंढरपूरकडून येतात आणि घागरीएवढे असतात. पण कारागीर काकांनी काय हवंय ते नीट ऐकून घेतलं, आत जाऊन मुठीएवढा वाळका भोपळा काढला, तोंड कापून, आतून खरवडून, वर पॉलिश मारून दिला. पैसे घेतले नाहीत, नाटकाचा पास मागितला. नळी उसाच्या रसवाल्याकडची स्टीलची. पाल्याच्या जागी गवती चहा, वास पहिल्या रांगेपर्यंत जातो.

काल तालीम झाली. पहिल्या प्रवेशात पाच जण. आई ओतते. बाबा, थोरला, ताई, पाब्लो. तीन फेऱ्या होतात, गप्पा चालू, पाब्लो नेहमी घुर्र जास्त वेळ करतो आणि ताई त्याला मारते, प्रेक्षक हसतील. मग तो जातो.

मधल्या प्रवेशात, जिथे आधी किंकाळ्या होत्या, तिथे आता संवादच नाहीत. आई ओतते. बाबा पितात, परत देतात. थोरला. ताई. आई पुन्हा पाणी घालते आणि हात पुढे करते, रिकाम्या स्टुलाकडे. हात तसाच. आम्ही मोजलं नाही, आईचं काम करणारीला म्हटलं तुला थांबवेल तेवढं थांब. कुणी काही बोलत नाही. मग बाबा उठतात, जाऊन खिडकी लावतात (खडू_फळा, तुमची), परत येऊन बसतात आणि तो भोपळा आईच्या हातातून घेऊन स्वतः पितात. परत देताना म्हणतात, "पुरे."

काल हॉलमध्ये झाडणारे मामा मागे उभे होते, त्यांना अर्जेंटिना वगैरे काही माहीत नाही. ते विचारायला लागले, "धाकटं पोर कुठं गेलं ओ?"

मोगरा

मामांना पहिल्या रांगेत बसवा.

उलटा_स्पॉट

मानलं. खुर्च्या राहू द्या.

प्रॉम्प्टर

परिनिरीक्षण मंडळाचं (म्हणजे नाटकाच्या सेन्सॉरचं) प्रमाणपत्र झालंय का? संहिता बदललीत तर बदललेली प्रत पाठवा, ऐन वेळी धावपळ नको.

विंगेतून

पाठवली, वाट बघतोय.

आता शेवटचा प्रश्न, ह्यावर ग्रुपमध्ये भांडण चाललंय. नाटक संपल्यावर पाब्लोने नमस्काराला यायचं की नाही?

तिसरी_घंटा

नाही. चौघांनी उभं राहायचं, मधे त्याची जागा सोडून.

कुडाळकर

अहो पण पोराने महिनाभर तालीम केलीय. आधी ओरडून घसा बसवला, मग तुम्ही प्रवेशच काढला, आता टाळ्याही नाहीत?

अबोली

मीही कुडाळकरांसारखाच विचार करत होते, पण तो हसत आला तर अर्ध्या मिनिटात सगळं पुसलं जाईल. लोक सुटकेचा श्वास सोडतील. त्या आयांना तो श्वास कधी मिळाला नाही.

विंगेतून

त्यालाच विचारलं. आता तो पहिल्या दहा मिनिटांनंतर विंगेत बसून स्टोव्हवर मातेचं पाणी तापवतो, प्रत्येक फेरीला गरम पाहिजे म्हणून. त्याची आई तासगावहून येणार आहे, पहिल्यांदाच त्याचं नाटक बघायला, आणि आम्हाला तेच अवघड वाटत होतं. तो म्हणाला, "मी नाही येत नमस्काराला. आईला आधीच सांगून ठेवतो, नाहीतर ती शोधत विंगेत येईल."

प्रयोग पुढच्या रविवारी, संध्याकाळी साडेसहाला. तिकीट नाही.

दक्षिण_गोलार्ध

त्या आईंना नमस्कार सांगा माझा.